आधी पाय उचल, मग बाटली उघड

बयो, आधी निकालाचं बोलून टाकते. तुमची घोडी लंगडतेय, परवाची नागोठण्याची वरात ती करणार नाही. बयाणा परत करा, नाहीतर ओळखीतल्या दुसऱ्या कुणाची घोडी पाठवा; नवरदेव काही पायी जायचा नाही. रात्री फोनवर तू रडवेली झाली होतीस, मागून मामंजींचा आवाज येत होता, म्हणून मी फार ताणलं नाही. आता निवांत वाच आणि मग तबेल्यात जा.

तू विचारलंस, "ताई, औषध कुठलं देऊ?" अगं, औषधाचं नंतर. लंगडणं ही नुसती खूण. खुरात खिळा गेला तरी घोडी लंगडते, शीर ताणली तरी लंगडते, पोट बिघडलं तरी आणि वर्षभर नुसता कोंडा खाऊन हाडं कच्ची झाली तरी. प्रत्येकाचा उपाय वेगळा, काहींचा तर अगदी उलटा. खुरात पू झाला असेल तर शेक हवा, शीर नुकतीच ताणली असेल तर गार पाणी हवं. उलटं केलंस तर दुखणं वाढवून बसशील. तेव्हा घोडं कुठे पेंड खातंय ते कळेपर्यंत बाटलीचं बूच काढायचं नाही.

आणि हे शोधायचं काम तुझंच आहे, हे आधी मनाशी पक्कं कर. घरातले बाप्ये घोडीवर बसतात, नाहीतर लगाम धरून तिच्या पुढे चालतात. तिच्याकडे लांबून बघायला त्यांना सवड कुठे असते? चंदी तू घालतेस, लीद तू काढतेस, पाणी तू दाखवतेस. काल ती रोजच्यासारखी चाऱ्याकडे आली की जागेवरच उभी राहिली, हे त्या घरात फक्त तुला ठाऊक असतं. तेव्हा "मला काय कळतंय घोड्यातलं" हे वाक्य आजपासून बंद.

दुसरं म्हणजे आळीतल्या सल्ल्यांपासून जरा जपून. आपल्या पेण-रोह्याकडे बैल पिढ्यान्‌पिढ्यांचे. कुणाचा बैल लंगडला तर चार माणसं गोळा होतात आणि चारही जणांना त्यातलं खरंच कळतं. पण तेच शहाणपण घोडीला जसंच्या तसं लागू होत नाही. बैलाचा खूर दुभंगलेला, म्हणून त्याला दोन तुकड्यांची पत्री मारतात. घोड्याचा खूर एकसंध. घोडा प्रत्येक पायाच्या एकाच बोटावर उभा असतो आणि खूर म्हणजे त्या बोटाचं नख. तीन-चारशे किलोचं जनावर चार नखांवर तोललेलं! त्यातही साठ टक्के भार पुढच्या दोन पायांवर. म्हणून घोडं लंगडलं की आधी पुढच्या पायावर संशय घ्यावा, आणि पुढच्या पायातही आधी खुरावर. मामंजी खांदा चोळत बसले असतील, तर त्यांना चोळू दे. तू खाली वाक.

वाकायच्या आधी मात्र ती चालताना बघायची. सकाळी ऊन चढायच्या आत तिला घराबाहेरच्या सपाट, टणक जागेवर घे. वाळू नको, चिखल नको. नवऱ्याला सांग, लगामाची दोरी सैल धर, तिच्या मानेला मोकळीक दे. दोरी आखडून धरली की मान हलत नाही, आणि आपल्याला बघायची आहे ती मानच. आधी कदम चालवा, मग हलक्या दुडकीने तीस-चाळीस पावलं न्या आणि परत आणा. पाय टेकवेनासाच झाला असेल तर दुडकी अजिबात नको. थोडीच लंगडत असेल तर दुडकीतच खरं कळतं, कारण त्या चालीत एका बाजूचा पुढचा आणि दुसऱ्या बाजूचा मागचा पाय जोडीने पडतो आणि दोन्ही बाजूंचा ताल सारखा असावा लागतो. बेताल कुठे होतो ते डोळ्यांना दिसतं आणि डांबरावर असेल तर कानांनाही कळतं.

समोरून बघताना हे लक्षात ठेव : दुखरा पुढचा पाय टेकला की घोडी मान वर उचलते, धडका पाय टेकला की मान खाली जाते. दुखऱ्या पायावरचा भार कमी करायला ती आपलं डोकं वर झटकते. पुष्कळ लोक याच्या नेमकं उलटं समजतात आणि धडक्या पायाला मालीश करत बसतात. मग मागून बघ. मागच्या पायाचं दुखणं पुठ्ठ्यांत दिसतं. दोन्ही बाजूंना पुठ्ठ्याचं हाड जिथे वर येतं, तिथे कुंकवाचा एकेक टिळा लाव आणि ती लांब जाताना नुसत्या त्या टिळ्यांकडे बघ. जो टिळा जास्त वरखाली होतो, त्या बाजूच्या पायात बिघाड. लगेच नाही दिसलं तर मोबाइलवर चित्रीकरण कर आणि सावकाश गतीने लावून बघ. तेच चित्रीकरण डॉक्टरांनाही दाखवता येतं. त्यांच्यासमोर उभी केल्यावर घोडी नेमकी शहाण्यासारखी चालते.

पाय ठरला की हात लावायचा. आधी सावलीत उभी कर, उन्हात खूर नुसताच तापतो. हाताची पालथी बाजू एका खुरावर आणि लगेच जोडीच्या दुसऱ्या खुरावर ठेव. एक गरम, एक गार असेल तर गरम खुरात काहीतरी शिजतंय. मग घोट्याच्या मागे, दोन्ही कडांना बोटं हलकी टेकव. तिथे दोरीसारखी शीर बोटांखाली सरकते. त्यातली नाडी धडधाकट घोडीत सापडता सापडत नाही. टणाटण उडत असेल तर खुरात दाह आहे, हे पक्कं. ही नाडी शोधायला हात बसावा लागतो, म्हणून घोडी चांगली असतानाच रोज चाचपत जा. नेहमीचं कसं लागतं ते माहीत नसेल तर बिघडलेलं कसं ओळखणार?

आता पाय उचल. खुराच्या आकडीने टाचेकडून पुढच्या टोकाकडे माती काढत ये. तळव्याच्या मध्ये त्रिकोणी, रबरासारखा मऊ भाग असतो, त्याच्या दोन्ही बाजूंच्या चरींत खडा अडकतो. पुष्कळदा सगळं दुखणं म्हणजे तो एक खडा असतो. खिळा किंवा तार रुतलेली दिसली तर सरळ उपटू नको. किती आत आणि कुठल्या दिशेने गेलाय हे डॉक्टरांनी बघितलेलं बरं, कारण खुराच्या आत हाड आणि सांधा अगदी जवळ असतात. डॉक्टर लांब असतील आणि पाय टेकला की खिळा आणखी आत जाणार असेल, तर आधी फोटो काढ, मग खिळा काढ, ती जागा खडूने खूण करून ठेव, खूर स्वच्छ कापडात बांध. खिळा फेकू नको, डॉक्टरांना दाखव. आणि धनुर्वाताचं इंजेक्शन! घोड्याइतकं धनुर्वाताला बळी पडणारं दुसरं जनावर क्वचितच असेल, आणि त्याचे जंतू तर लिदीत आणि मातीत असतातच. लस कधी टोचली ते घरात कुणालाच आठवत नसेल, तर ती टोचलेली नाही असंच धरून चाल.

नाल बदलल्यावर एक-दोन दिवसांत लंगडायला लागली असेल, तर नालबंदाला परत बोलव. खिळा जरा आत, जिवंत भागाच्या जवळ गेला की असं होतं. यात भांडण्यासारखं काही नाही. कसलेल्या हातूनही होतं, विशेषतः खुराची भिंत पातळ असेल तेव्हा. प्रत्येक खिळ्यावर हलकं ठोकून बघितलं की घोडी कुठल्या खिळ्याला पाय ओढते ते समजतं. तो काढला की झालं.

काल चांगली होती आणि आज पाय जमिनीला लावत नाही, एवढं एकदम झालं की घरचे म्हणतात, हाड मोडलं. हाड मोडल्याची शंका असेल तर तिला जागची हलवू नका, हे खरंच. पण बऱ्याचदा खुरात पू झालेला असतो. नखाखाली काटा गेला की आपल्याला कसा ठणका लागतो? खुराची भिंत कडक, आत पुवाला फुगायला जागा नाही, त्यामुळे घोडी अक्षरशः तीन पायांवर येते. डॉक्टर तळवा कोरून पुवाला वाट करून देतात आणि घोडी त्याच दिवशी पाय टेकते. त्यानंतरची शुश्रूषा तुझ्याकडे. कोमट पाण्यात मॅग्नेशियम सल्फेट घालून खूर बुडवून ठेवायचा, कोरडा करून डॉक्टरांनी दिलेलं औषध भरायचं आणि घाण लागू नये म्हणून बांधायचा. बांधायला लहान मुलांचा डायपर घे, वरून रुंद चिकटपट्टीचे वेढे. खुराला तो असा बसतो की जणू त्याच्यासाठीच शिवलाय. फक्त पट्टी खुराच्या वर, केसांच्या कडेवर आवळू नको.

हे पू होणं आणि तळवा कुजणं, दोन्हीचं मूळ आपल्या पावसात आहे. आषाढ लागला की लग्नं थांबतात, वराती थांबतात आणि घोडी तुळशीच्या लग्नापर्यंत तबेल्यात ओल्या लिदीत उभी. सगळ्यांना वाटतं, बरं झालं, विश्रांती मिळाली. पण खूर पाण्याने फुगतो, मऊ पडतो, त्या त्रिकोणी भागाच्या चरींत काळपट, घाण वासाचा स्राव धरतो. वास नाकात बसला की विसरायचा नाही. मग कार्तिकात सुपाऱ्या सुरू झाल्या की त्याच मऊ खुरांवर तिला डांबरावर नाचवायचं. लंगडली तर नवल काय? म्हणून पावसाळ्यातच रोज खूर साफ करायचे. तबेल्याची जमीन वीतभर उंच घेऊन उताराची करा, पाणी थांबता कामा नये. खाली लाकडाचा भुसा घाल, ओला झाला की तेवढा भाग काढून टाक. एका घोडीला बारा बाय बारा फूट जागा असली की तिला वळता येतं, बसता येतं. अगाडी-पिछाडी बांधून चोवीस तास उभी ठेवलेली घोडी पायांनीच म्हातारी होते, आणि पिछाडीच्या दोरीने घोट्यामागे चिरतं ते वेगळंच. तिथेही एकदा हात फिरवून बघ.

काम नाही म्हणून नालबंदही नाही, असंही करायचं नाही. खूर महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो. सहा ते आठ आठवड्यांनी तासायलाच हवा. टोक लांबलं की प्रत्येक पावलाला मागच्या शिरेवर जादा ओढ बसते. आणि खुराची पुढची भिंत वरून खालपर्यंत नवी यायला वर्षभर लागतं. यंदाच्या पावसात केलेली हयगय पुढच्या पावसापर्यंत पुरते.

आता जे सांगते ते सगळ्यात धोक्याचं. घोडी पुढचे दोन्ही पाय समोर पसरून, सगळा भार टाचांवर आणि मागच्या पायांवर टाकून उभी असेल, वळायला सांगितलं की कण्हत असेल, दोन्ही खूर गरम आणि नाडी उडत असेल, तर तो खुराच्या आतल्या पापुद्र्यांचा दाह. ज्या पापुद्र्यांनी खूर हाडाला धरून ठेवलेला असतो तेच सुजतात. वेळ गेली तर आतलं हाड फिरतं, खाली येतं आणि घोडी कायमची जाते. हे दुखणं बहुतेक वेळा पोटातून येतं. रात्री दावं सोडवून चंदीच्या पिंपात तोंड घातलं, कुणी कौतुकाने भिजवलेले हरभरे दुप्पट घातले, लग्नघरात सोयऱ्यांनी बुंदीचे लाडू आणि जिलब्या चारल्या, की हे होऊ शकतं. व्यायल्यावर वार अडकली तरी होतं. तासन्‌तास डांबरावर टापा आपटल्या तरी होतं. आणि लठ्ठ घोडीला तर याची भीती कायमच.

अशा घोडीला "चालवली की मोकळी होईल" म्हणून एक पाऊलही चालवायचं नाही. चंदी पूर्ण बंद, खाली जाड मऊ अंथरूण, डॉक्टरांना ताबडतोब फोन. आणि डॉक्टर येईपर्यंत बर्फ. आपल्या किनाऱ्याचं हे भाग्य बघ, बर्फ आपल्याकडे मासळी बाजारात पोत्याने मिळतो. टबात बर्फाचं पाणी करून खूर आणि घोट्यापर्यंतचा पाय बुडवून ठेवायचा, तासभर नव्हे, पहिले दोन-तीन दिवस जवळजवळ सतत. वरातीला घोडी देताना नवऱ्याला एक वाक्य पाठ करायला लाव, "घोडीला काही चारू नका." लोकांना राग आला तर येऊ दे.

गरमपणा खुरात नाही, पण गुडघ्याखाली नळीच्या मागच्या बाजूला सूज आहे, दाबलं की पाय ओढते, तर शीर ताणली असं समज. घोड्याला गुडघ्याच्या खाली मांस नसतंच. हाड, शिरा आणि कातडी. रक्तपुरवठा कमी, म्हणून भरून यायलाही उशीर. ओढाताण कुठे होते? मुरूड-काशीदच्या किनाऱ्यावर पर्यटकांना फिरवताना कोरड्या, भुसभुशीत वाळूत. पाय रुततो आणि उपसून काढावा लागतो. ओहोटीनंतरची ओली, घट्ट वाळू कितीतरी बरी. सीझनमध्ये तिकडे घोडी नेणार असाल तर भरती-ओहोटीची वेळ बघून न्या आणि परतल्यावर पाय गोड्या पाण्याने धुवा. शीर ताणली तर पहिले दोन-तीन दिवस वीस-वीस मिनिटं गार पाण्याची धार, दिवसातून तीनदा तरी. मग कापसाचा जाड थर देऊन सारख्या ताणाने पट्टी. आणि विश्रांती. इथेच माणसं गळतात. आठ दिवसांत सूज उतरते, घोडी सरळ चालते, आणि घरात सगळे म्हणतात, झाली बरी. ती बरी झालेली नसते. शीर पुरती सांधायला सहा महिने ते वर्ष लागतं, आणि अर्धवट सांधलेली शीर पुन्हा तिथेच तुटते. आधी नुसतं हाताने धरून फिरवणं, मग हळूहळू वेळ वाढवणं, स्वार सगळ्यात शेवटी.

एक दुखणं मात्र आपल्या कोकणातल्या दावणीचंच आहे. आपल्याकडे चारा म्हणजे भाताचा पेंढा, आणि त्यात सत्त्व नाही म्हणून लोक वरून गव्हाचा नाहीतर भाताचा कोंडा पाटीने घालतात. कोंड्यात फॉस्फरस भरपूर, कॅल्शियम नावाला. पेंढ्यात ऑक्झॅलेट, ते आहे तेवढं कॅल्शियमही अंगी लागू देत नाही. मग घोडी आपल्याच हाडांतलं कॅल्शियम ओढून वापरते. आज हा पाय, उद्या तो पाय, पावलं आखूड, सांधे दुखरे, आणि पुढे चेहऱ्याची हाडं दोन्ही बाजूंनी फुगायला लागतात. अशा घोडीच्या पायांना कितीही तेल चोळा, उपयोग नाही. बिघाड तोबऱ्यात आहे. कोंडा कमी कर, मिळेल तिथून लसूणघास आणि सुकं गवत आण, आणि कॅल्शियम किती द्यायचं ते डॉक्टरांना विचार. फॉस्फरसपेक्षा कॅल्शियम थोडं जास्तच पोटात गेलं पाहिजे, एवढा हिशेब लक्षात ठेव.

आता मामंजी जे दुखणं थांबवायचं इंजेक्शन देऊन घोडीला वरातीला न्यायचं म्हणतायत, त्याकडे येऊ. वेदना मारणारं औषध वाईट नव्हे. डॉक्टर स्वतः देतील, द्यायलाच हवं. पण ते देऊन घोडीला ताशा-डीजेपुढे उभं करणं म्हणजे आग विझवायच्या ऐवजी धूर पुसणं. दुखत नाही म्हणून ती दुखऱ्या पायावर पूर्ण भार टाकते आणि ताणलेली शीर तुटून बसते. शिवाय ही औषधं मापाबाहेर गेली की जठराला व्रण पडतात, मूत्रपिंडं बिघडतात. मेडिकलमधून माणसांचं डायक्लोफेनॅक आणून टोचणं तर साफ वर्ज्य. २००६ पासून आपल्या देशात जनावरांसाठी त्यावर बंदी आहे, कारण ते टोचलेलं जनावर मेलं आणि गिधाडांनी खाल्लं की गिधाडं मरतात. आपल्या रायगडात म्हसळ्याजवळ चिरगावला माणसं गिधाडं जगवायला धडपडत आहेत. त्यांच्या कष्टावर आपल्या तबेल्यातून पाणी नको. बिब्बा घालायचा नाही, तापल्या लोखंडाचा डागही द्यायचा नाही. कातडी भाजते, आतलं दुखणं तसंच राहतं आणि जखमेत धनुर्वाताला आयतं दार उघडतं. डाग दिल्यावर घोडी बरी होते असं म्हणतात, ती बरी होते डागाची जखम भरेपर्यंत सक्तीची विश्रांती मिळते म्हणून.

पायाखालची जमीनही बघायला शीक. माथेरानचं उदाहरण आपल्याच जिल्ह्यातलं. नेरळहून वर गेलं की गाड्या दस्तुरी नाक्याला थांबतात, पुढे पिढ्यान्‌पिढ्या घोडे. २००३ साली तो डोंगर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर झाला. तिथल्या तांबड्या जांभ्याच्या मातीच्या वाटांवर टाप रुतते, धरून राहते. त्या वाटांवर पेव्हर ब्लॉक बसायला लागले तेव्हा घोडेवाल्यांनी ओरड केली की यावरून घोडे घसरतात, आणि तो वाद थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. लोखंडी नाल आणि गुळगुळीत पृष्ठभाग यांचं जमत नाही, हे त्यांना कुणी पुस्तकातून शिकवलं नव्हतं. तुमच्याकडे तर आता गल्लोगल्ली काँक्रीट आणि मंगल कार्यालयापुढे चकचकीत फरशी. नवरदेवाला फरशीच्या अलीकडेच उतरवायचं. एकदा मागचा पाय फाकला की वर्ष गेलं म्हणून समज.

डॉक्टर कोण, हेही आत्ताच ठरवून ठेव, रात्री अकराला शोधू नको. तालुक्याच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात जाऊन एकदा ओळख करून घे. १९६२ हा पशुसंवर्धन खात्याचा फोन क्रमांक तबेल्याच्या दारावर खडूने लिही. आपल्याकडच्या डॉक्टरांच्या हाताखाली गाई-म्हशी जास्त येतात, तेव्हा ते म्हणाले की एक्स-रे काढा किंवा घोड्यांच्या जाणत्याला दाखवा, तर त्यात कमीपणा मानू नको. परळचं पशुवैद्यकीय महाविद्यालय १८८६ पासूनचं आहे, आणि तिथल्या दवाखान्याला जुनी माणसं अजून बैलघोडा हॉस्पिटलच म्हणतात. मात्र तीन पायांवर आलेल्या घोडीला टेम्पोत चढवायच्या आधी, हलवायची की नाही हे इथल्या डॉक्टरांना विचार.

राहिले मामंजी. त्यांच्याशी भांडू नको. घोड्यांवर त्यांचा जीव आहे, फक्त त्यांना परतीचा बयाणा दिसतोय. तेव्हा त्यांच्याशी पैशाच्या भाषेत बोल. "मामंजी, एक वरात सोडली तर एका वरातीचे पैसे जातील. आज नेली आणि शीर तुटली तर सगळा सीझन जाईल." वर हेही हळूच घाल की जखमी, लंगड्या जनावराला कामाला जुंपणं १९६० च्या कायद्याने गुन्हा आहे, आणि हल्ली वरातीत शंभर मोबाइल उघडे असतात. ओझ्याच्या जनावरांसाठी १९६५ चे नियम आहेत : दिवसात नऊ तासांच्या वर काम नाही, सलग पाच तासांच्या वर नाही, पारा सदतीस अंशांच्या वर गेला तर दुपारी बारा ते तीन काम नाही, आणि काटेरी लगाम तर नाहीच. हे नियम भीती घालायला सांगू नको. यातला प्रत्येक नियम पाळला तर लंगडण्याची निम्मी कारणं आपोआप टळतात, म्हणून सांग.

आणि बयो, समजा डॉक्टरांनी सांगितलं की ही घोडी आता वरातीची राहिली नाही, तर? झिजलेला सांधा पुन्हा नवा होत नाही. तेव्हा दोन इंजेक्शनं मारून तिला कुठल्याशा बाजारात खपवायचं बोलणं निघेल. त्याला हो म्हणू नको. ज्याच्या गळ्यात ती पडेल तोही आपल्यासारखाच पोटासाठी घोडं पाळणारा असेल. स्वार नसला तर पुष्कळ घोड्या साध्या औषधपाण्यावर आणि रोजच्या हलक्या फेरीवर सुखाने जगतात. त्यासाठी पैसा लागतो, म्हणून आजपासून दर सुपारीतून थोडी रक्कम बाजूला काढ आणि ती तुझ्या ताब्यात ठेव. नालबंद, लस, डॉक्टर, सगळं त्यातून. हिशेब वहीत लिही, म्हणजे कुणी बोट दाखवणार नाही.

एक नियम मात्र घरात मोठ्याने सांगून टाक. इथून पुढे सुपारी आली की बयाण्याला हात लावायच्या आधी घोडी अंगणात दुडकी चालवायची, आणि ती जाणार की नाही हे तू सांगायचंस. पहिल्यांदा सगळे हसतील. नवऱ्याला सांग, हसून झालं की दोरी धर आणि चालव.

तुझी,
ताई